रविवारची मराठी शाळा: डीबीएस झालं, पुढे काय?

प्रश्न: इंग्लंडमधल्या आमच्या गावात मंडळाची मराठी शाळा दर रविवारी भरवायचं ठरलंय. शिकवणारे सगळे पालकच, मानधन कुणालाच नाही. ५ ते १२ वयाची २२ मुलं आहेत. सगळी घरं एकमेकांच्या ओळखीची. तरीही डीबीएस (मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या गुन्हे-नोंदींची सरकारी तपासणी) करावं लागेल का? आणि केलं की तेवढं पुरेल का?

उत्तर: करावं लागेल, आणि तेवढ्याने भागणार नाही. डीबीएस सर्टिफिकेट एवढंच सांगतं की त्या दिवसापर्यंत या माणसाबद्दल इथल्या पोलिसांकडे काय नोंद आहे. ज्याच्यावर कधी कुणी तक्रारच केली नाही, त्याचा कागद कोराच येणार. त्यामुळे तपासणी नीट करा, पण खरा भर रविवारच्या त्या दोन तासांच्या आखणीवर ठेवा. चांगल्या माणसावर संशय घेण्याची वेळ येऊ नये आणि वाईट माणसाला संधी मिळू नये, ही दोन्ही कामं तीच आखणी करते.

आधी कागद. आठवड्यातून एकदा, किंवा ३० दिवसांत ४ वेळा, स्वतःच्या जबाबदारीवर मुलांना शिकवणाऱ्याचं काम कायद्याच्या भाषेत ‘रेग्युलेटेड ॲक्टिव्हिटी’त येतं. त्याच्यासाठी एनहान्स्ड, म्हणजे सखोल पातळीचं डीबीएस मागवायचं, मुलांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीच्या तपासणीसकट. मंडळ थेट अर्ज करत नाही. ‘अम्ब्रेला बॉडी’ म्हणून नोंदलेल्या संस्थेमार्फत करतं. स्वयंसेवकाला सरकारी फी नाही, अम्ब्रेला बॉडी मात्र आपलं शुल्क घेऊ शकते. सर्टिफिकेट अर्जदाराच्या घरी येतं, म्हणून मूळ कागद डोळ्यांनी बघा आणि क्रमांक व तारीख नोंदवा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालवून घेऊ नका. सर्टिफिकेटवर मुदत छापलेली नसते. निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत डीबीएसच्याच ‘अपडेट सर्व्हिस’ या ऑनलाइन सेवेत नाव घातलं (स्वयंसेवकांना फुकट), तर त्या माणसाच्या संमतीने दरवर्षी ऑनलाइन बघता येतं. हे ३० दिवस हमखास चुकतात आणि सगळा अर्ज पुन्हा करावा लागतो.

शाळा महिन्यातून दोनदाच भरत असेल, तर आधी अम्ब्रेला बॉडीला विचारा. पात्रता नसताना एनहान्स्ड तपासणी मागणं बेकायदा आहे. स्कॉटलंडमध्ये डीबीएस नाही, पीव्हीजी योजना आहे आणि एप्रिल २०२५ पासून अशा कामांसाठी तिचं सदस्यत्व कायद्याने आवश्यक आहे. उत्तर आयर्लंडमध्ये ॲक्सेसएनआय.

आपल्या लोकांच्या बाबतीत यात एक मोठी फट राहते. डीबीएस भारतातल्या नोंदी बघत नाही. दीड वर्षापूर्वी पुण्याहून आलेल्या माणसाचं सर्टिफिकेट कोरं आलं, तर त्याचा अर्थ फार तर त्या दीड वर्षापुरता. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना उच्चायुक्तालयामार्फत पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढता येतं; नव्याने आलेल्यांकडून ते मागा. शिवाय दोन संदर्भ घ्या, दोन्ही मंडळाबाहेरचे आणि नातेवाइकांचे नकोत. फोन करून सरळ विचारा: ‘यांना मुलांबरोबर काम करताना पाहिलंय का? पुन्हा मुलं सोपवाल का?’ लेखी पत्रात सगळेच गुणी असतात, फोनवरची चाचरणूक जास्त बोलते.

आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि गोष्टी त्यांच्याइतक्या रंगवून कुणी सांगत नाही. त्यांना जरूर बोलवा, पण शिक्षक म्हणून मोजू नका. तपासणी झालेला शिक्षक वर्गात असतानाच त्यांचा तास ठेवा. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा करता येते, तीही मुख्य हेतू म्हणून नाही.

आता माणसांचा हिशोब. एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था सुचवते ते प्रमाण असं: ४ ते ८ वयाच्या ६ मुलांमागे एक प्रौढ, ९ ते १२ ला ८ मुलांमागे एक, १३ ते १८ ला १० मागे एक, आणि कुठल्याही गटात किमान दोन प्रौढ. तुमच्या २२ मुलांत समजा १२ लहान आणि १० मोठी आहेत. म्हणजे दोन वर्गांत दोन-दोन, एकूण चार. पण चारांचंच वेळापत्रक करू नका. एकाला ताप आला की मोठ्यांच्या वर्गात एकच काका उरतात आणि ‘आजच्या दिवस चालवून घेऊ’ सुरू होतं. नियम मोडतो तो बहुतेक वेळा असाच, वाईट हेतूशिवाय. पाचवा माणूस मोकळा ठेवा. दार, हजेरी आणि स्वच्छतागृहाची वाट त्याच्याकडे. तोही नसेल तर दोन्ही वर्ग एका खोलीत आणा. तेही जमत नसेल तर शाळा रद्द करा.

ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड या तरुणांच्या पुरस्कार-योजनेसाठी स्वयंसेवा म्हणून मदतीला येणारे १४-१५ वर्षांचे ताई-दादा या मोजणीत धरू नका. ती स्वतःच मुलं आहेत, त्यांचीही जबाबदारी तुमच्यावर. डीबीएस तर १६ च्या आधी होतच नाही.

स्वच्छतागृहाकडे मोठ्या माणसाने एका मुलाला घेऊन जायचं नाही. दोन-तीन मुलांना एकत्र न्यायचं, प्रौढाने बाहेरच्या दाराशी थांबायचं. हॉल भाड्याचा असेल तर शेजारच्या खोलीत बॅडमिंटनवाले असतात, तेही त्याच स्वच्छतागृहात जातात. पहिल्याच रविवारी फिरून बघून घ्या. शाळेची इमारत भाड्याने घेणार असाल, तर शाळा तुमचं सेफगार्डिंग, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण मागेल. तयार ठेवा. भाषावर्गांसारख्या शाळेबाहेरच्या उपक्रमांसाठी शिक्षण खात्याची मार्गदर्शिका आहे, धोरण तिच्यावरून बेतावं. दुसऱ्या मंडळाचं नाव बदलून चिकटवलेलं धोरण कुणीच वाचत नाही आणि त्यातला फोन नंबरही दुसऱ्याच गावचा राहतो.

वर्षात सर्वात ढिली वेळ म्हणजे गणपती-दिवाळीच्या कार्यक्रमाची संध्याकाळ. ग्रीनरूममध्ये वीस मुली, सहा आया, चार फोन, आणि कुणाची नऊवारी सुटतेय म्हणून दाराची ये-जा चालूच. इथे नियम थोडे पण कडक ठेवा. मुलींनी लेगिंग आणि ब्लाउज किंवा टी-शर्ट घरूनच घालून यायचं, साडी त्यावर. लहानींना शिवलेली नऊवारीच, म्हणजे नेसवण्याचा प्रश्नच मिटतो. धोतर, फेट्याच्या मुलांची खोली वेगळी. दोन्ही खोल्यांत फोन बंद, ‘फक्त एक फोटो’साठीसुद्धा नाही. फोटो स्टेजवर, वर्षाच्या सुरुवातीला लेखी संमती दिलेल्या मुलांचेच. एखाद्या घरात मुलाच्या ताब्याचा खटला चालू असू शकतो किंवा आई मूल घेऊन कुणापासून लपून राहत असू शकते. कार्यकारिणीला ते माहीत असेलच असं नाही. घरी कोण नेणार हे फॉर्मवर लिहून घ्या. ‘आम्ही त्यांच्याच गल्लीत राहतो, सोडतो’ म्हणणाऱ्याकडे मूल देण्याआधी आई-बाबांना फोन करून विचारा.

ढोल-ताशा, लेझीम किंवा नाच बसवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इंग्लंड-वेल्समध्ये २०२२ पासून खेळाच्या आणि धार्मिक क्षेत्रातल्या प्रशिक्षकांना शिक्षकांसारखाच ‘पोझिशन ऑफ ट्रस्ट’चा कायदा लागू झाला. आपण नियमित शिकवतो त्या १६-१७ वर्षांच्या मुला-मुलीशी लैंगिक संबंध हा संमती असली तरी गुन्हा. खेळाच्या व्याख्येत सादरीकरणासाठी केलेले शारीरिक प्रकारही येतात. पथकात २२ वर्षांचा दादा आणि १६ वर्षांची मुलगी एकत्र वाजवतात तिथे हे सगळ्यांना स्पष्ट सांगा. निरोप पालकांच्या ग्रुपवर द्या. मोठ्या मुलांचा ग्रुप हवाच असेल तर त्यात किमान दोन प्रौढ ठेवा, खासगी मेसेज नको.

आणि मुलांना मिठी, पापी, ‘मांडीवर बस ना काकांच्या’ यासाठी भरीला घालू नका. लांबून केलेला नमस्कार पुरे. मोठ्यांना नाही म्हणायची सवय घरात लागली नसेल तर वर्गात लागणार नाही.

कुठल्या मुलाने काही सांगितलं तर ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘मदत करू शकतील त्यांना सांगावं लागेल’ असं म्हणा. ‘त्याने हात लावला का?’ असं स्वतः सुचवू नका, ‘पुढे काय झालं ते सांग’ एवढंच. लगेच मुलाच्याच शब्दांत लिहून काढा. अर्धं इंग्रजी, अर्धं घरातलं बोबडं असेल तर तसंच, सुधारून नको. खाली तारीख, वेळ, सही. ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला जाब विचारू नका, दोन घरांना समोरासमोर बसवू नका. त्याने तो सावध होतो, पुरावा बिघडतो आणि मूल पुन्हा तोंड उघडत नाही. दुभाषा म्हणून मंडळातली कुणी मावशीही नको.

धोका तातडीचा असेल तर ९९९. एरवी काउन्सिलच्या मुलांच्या सेवेला फोन, किंवा एनएसपीसीसी ०८०८ ८०० ५०००. मुलांनी स्वतः करायचा असेल तर चाइल्डलाइन ०८०० ११११. आरोप तुमच्याच स्वयंसेवकावर असेल तर काउन्सिलच्या लॅडो या, असे आरोप हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला एका कामकाजाच्या दिवसात कळवा. मंडळ नोंदणीकृत असेल तर धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनलाही गंभीर घटना म्हणून कळवावं लागतं, आणि ती जबाबदारी विश्वस्तांची.

सेफगार्डिंग लीड आणि त्याची उपप्रमुख अशी दोन माणसं नेमा, दोन वेगळ्या घरांतली. अध्यक्षांचे यजमान किंवा सौ. त्यात नकोत, कारण तक्रार त्याच घराबद्दल निघाली तर जायचं कुठे? दोघांचे फोन आणि वरचे नंबर दारावर, मुलांच्या उंचीला लावा.

‘बोभाटा नको, त्यांना शांतपणे राजीनामा द्यायला सांगू’ ही सूचना बैठकीत येईलच, बहुतेक सर्वात ज्येष्ठ सदस्याकडून. ती मानली तर तो माणूस पुढच्या वर्षी शेजारच्या गावातल्या मंडळात शिकवायला उभा राहतो आणि त्याचं डीबीएस कोरंच निघतं. मुलाला इजा केली किंवा तसा धोका निर्माण केला म्हणून कुणाला रेग्युलेटेड कामावरून काढलंत, किंवा काढण्याआधीच तो निघून गेला, तर डीबीएसकडे रेफरल, म्हणजे त्या माणसाबद्दलची लेखी माहिती पाठवणं संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे. फॉर्म ऑनलाइन आहे. मुलाने सांगितलेल्या शब्दांची ती नोंद आणि हजेरीपटाच्या प्रती सोबत जोडा.