तुझ्या मैत्रिणीच्या पानातली भाकरी

चिऊ,

परतीच्या विमानात तू विचारलंस, "बाबा, तुमच्या गावाला 'नको' म्हटलेलं कुणालाच ऐकू येत नाही का?" मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. झोंबलं होतं. तिथे बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि तुझी मैत्रीण पलीकडच्या खुर्चीतच होती. म्हणून आता लिहितोय. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, सावकाश वाच. अडलं तर आईला विचार, ती माझ्यापेक्षा बरं समजावते.

तुझं म्हणणं मला कळलंय. काकाने मळ्यात भरीत ठेवलं ते तिच्यासाठीच. परदेशची पोरगी अमळनेरकडच्या आपल्या शिवारात पहिल्यांदा येणार म्हणून त्याने स्पीकर आणला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, निम्मी गल्ली जेवायला बोलावली. तिने दोन भाकरी खाल्ल्या आणि पानावर आडवा हात धरला. काकूने हाताखालून तिसरी सरकवली. ती मान हलवतेय आणि काकू म्हणतेय, "ले ना व माय, एकच." शेवटी तिने ती भाकरी तशीच पानात टाकली. तिचा चेहरा कसनुसा झालेला तुला दिसला. काकूचा मला दिसला.

तू म्हणालीस, हे प्रेम नाही, जबरदस्ती आहे. असेलही. मला तुझ्याशी वाद घालायचा नाही, पण मला त्या खुर्च्यांवर बसून सारखा एक जुना पाहुणा आठवत होता.

आपल्या विहिरीला तेव्हा पाणी होतं, ते उपसायला इंजिन नव्हतं. साडेचार एकर रान, त्यातलं बरंचसं पावसाच्या भरवशावर. अप्पांनी इंजिनाच्या कर्जासाठी बँकेत अर्ज केला होता आणि एका डिसेंबरात निरोप आला, साहेब जमीन बघायला येणार. मी चौथी-पाचवीत असेन. साहेब म्हणजे आमच्या लेखी कलेक्टरच. अप्पांनी शाळेतून लाकडी खुर्ची उसनी आणली, तिचा एक पाय डुगडुगत होता, तर त्याखाली खापराचा तुकडा लावून ठेवला. आणि जळगावच्या मामांना निरोप धाडला: वांगी घेऊन या.

मामा दालमिलमध्ये कामाला. आदल्या संध्याकाळी ते एसटीतून उतरले ते असोद्याच्या वांग्यांचं अर्धं पोतं आणि केळीच्या पानांचा भारा घेऊन. तू इथल्या दुकानातली जांभळी चकचकीत वांगी बघतेस ना, ती नव्हेत. ही हिरवी-पांढरट, हातात धरली तर हात भरून जाईल एवढी मोठी, बिया कमी, गर जास्त. 2016 मध्ये 'जळगाव भरीत वांगी' म्हणून त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. काकाने तुझ्या मैत्रिणीला ते दोनदा सांगितलं, आणि तिला काही कळलं नाही तेव्हा मोबाइलवर दाखवलं. आमच्या लहानपणी त्यांना कसलंच मानांकन नव्हतं. चंपाषष्ठी झाली की वांगी घरात यायची आणि थंडी सरेपर्यंत यायची, इतकंच.

बांधावर पऱ्हाट्या रचून ठेवलेल्या असत, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या. त्या पेटवल्या की भडकतात आणि तितक्याच लवकर बसतात. त्यामुळे माणूस हलू शकत नाही, सतत काड्या सारायच्या आणि वांगी उलटायची. हे काम अप्पांचं आणि मामांचं. भरीत भाजणं, ठेचणं, फोडणी देणं ही खान्देशात बाप्यांची मिरवायची कामं, रोजचा स्वयंपाक मात्र नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर तू विचारशीलच. साल करपून काळी झाली की देठाला धरून ती सोलायची आणि गर लाकडाच्या बडगीत टाकून ठेचायचा. मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, लसूण, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, वर भरपूर कांद्याची पात. हळद नाही, मसाला नाही. धुराची चव हाच मसाला. सोबत कळण्याची भाकरी: ज्वारी आणि सालासकट उडीद मिठाबरोबर दळून आणलेलं पीठ, काळसर, जाड, गरम असताना खावी अशी.

साहेब राजदूतवरून आले. विहीर पाहिली, बांध पाहिला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघायला लागले. अप्पांनी त्यांना निघू दिलं असतं तर ते अप्पा कसले. डुगडुगत्या खुर्चीवरून उठवून सतरंजीवर बसवलं, पुढ्यात पान मांडलं.

साहेब होते पुण्याकडचे. पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी. ते "छान आहे, छान आहे" म्हणत गुळाचा खडा चघळत होते आणि अप्पांना वाटत होतं, माणूस गहिवरला. "ल्या साहेब, एक तं ल्या!" साहेब नको म्हणाले. अप्पांनी वाढलं. साहेब हात जोडून नको म्हणाले. मामांनी दुसऱ्या बाजूने वाढलं. आम्ही पोरं समोर बसून बघत होतो, आणि मला आठवतं की मला हसू येत होतं आणि त्या माणसाची कीवही येत होती. तेव्हा तुझ्यासारखं विचारायची माझी टाप नव्हती.

कर्ज मंजूर झालं. अप्पा शेवटपर्यंत सांगायचे, भरितानेच झालं. मला वाटतं सातबारा साफ होता म्हणून झालं. पण हे मी त्यांना कधी बोललो नाही.

अप्पांना हे वेड कुठून आलं तेही सांगतो. त्यांचे वडील, म्हणजे तुझे पणजोबा, 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन पाहायला गेले होते. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष नेहरू, गांधीजी आलेले, नंदलाल बोस यांनी बांबूंनी सजवलेला मांडव. पणजोबांना त्यातलं एकही भाषण सांगता यायचं नाही. जेवणाच्या पंगती किती लांब होत्या हे मात्र हात पसरून दाखवायचे. "आख्ख्या देशाला आपण जेवू घातलं," म्हणायचे. त्यांनी स्वतः तिथे काही घातलं नसणार, जेवून आले असणार. पण ते 'आपण' अप्पांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आता तुझा प्रश्न. त्या दिवशी साहेबांच्या जागी आपल्या गावातला कुणी असता तर एवढं रामायण झालंच नसतं. गावातला पाहुणा पहिल्या भाकरीनंतर नको म्हणतो, कारण त्याला ठाऊक असतं की टोपल्यात किती उरल्यात आणि घरात खाणारी तोंडं किती. यजमान वाढतो, कारण त्याला सांगायचं असतं की आमचं टोपलं मोजू नका. ज्या घरात खरोखर कमी असायचं तिथे आग्रह सगळ्यात मोठा व्हायचा. दोघांनाही कळायचं की कुठे थांबायचं. आई आम्हाला आत्याकडे पाठवताना दारातच बजावायची: दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा अर्धी घ्यायची. आम्ही त्याप्रमाणे वागायचो, आत्याही त्याप्रमाणे वागायची, आणि पोट भरून घरी यायचो.

हा डाव मी इथेही खेळलो होतो. आयंडहोवनला आलो तेव्हा ऑफिसातल्या एकाने घरी जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोने विचारलं, आणखी बटाटे हवेत? मी सवयीने नको म्हणालो. तिने हसून भांड्यावर झाकण ठेवलं. मी त्या झाकणाकडे किती वेळ बघत होतो काय सांगू. घरी येऊन मॅगी केली. तेव्हा मला ती माणसं कोरडी वाटली होती. आता वाटत नाहीत. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, इतकंच. तू त्या घरांत वाढलीस, म्हणून तुला तुझ्या मैत्रिणीची घुसमट लगेच कळली. हे मला बरंही वाटतं आणि थोडं लागतंही, दोन्ही लिहितो.

कारण आग्रहाची बाजू घेऊन लिहायला बसलो की माझ्यासमोर माझी आई येते. साहेब उठले, मग बाप्ये जेवले, मग आम्ही पोरं. मुलगा म्हणून मी कायम आधीच्या पंगतीत. शेवटी आई आणि मोठी काकू चुलीपाशी बसायच्या. बडगीच्या कडेला चिकटलेलं भरीत आई भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्यायची. मामा म्हणाले, "ताई, लेती का आजून?" ती म्हणाली, "माले भूक नही." मामा उठून हात धुवायला गेले. पाहुण्याचं 'नको' चार वेळा ऐकू न येणाऱ्या त्या घरात आईचं 'नको' सगळ्यांना पहिल्याच वेळी ऐकू यायचं.

कढईच्या तळाशी लागलेलं खरपूस भरीत तिला फार आवडतं, असं ती म्हणायची. आवडत असेलच. आता तिला विचारता येत नाही. तुझ्या आईने एकदा मला विचारलं होतं, तिला वरचं मऊ भरीत कधी कुणी वाढलं होतं का? मी त्यावर चिडलो होतो. उत्तर अजून माझ्याकडे नाही.

म्हणून 'आपली संस्कृती' वगैरे मी तुला सांगणार नाही. तसं कुणी बोलायला लागलं की मलाही कंटाळा येतो. पण काकू वाईट वागली असं तू धरून बसू नकोस. आपण परतल्यावर तिचा फोन आला होता, तू शाळेत होतीस. तिने विमान, थंडी काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "त्या पोरीला आवडलं नही का? पानात तसंच ठेवलं." मी सांगितलं, आवडलं, पोट भरलं होतं तिचं. काकूचा विश्वास बसला नाही. दोन दिवस आधीपासून तिने ज्वारी-उडीद निवडून, दळून आणलं होतं. जळगावात हल्ली थंडीत किलोवर भरीत विकत मिळतं, काका तेच आणू म्हणत होता. तिने ऐकलं नाही. पाहुणीला विकतचं घालायचं नाही, म्हणाली.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. या वेळी काकू आपल्याच पंगतीत बसली होती. आमच्या घरात हे आधी झालेलं मी पाहिलेलं नाही. काकाने ओढून बसवली की ती तुम्हा दोघींना बघून बसली, कोण जाणे. तिच्यापुढे टोपलं तूच नेलंस. ती म्हणाली, नको. तू टोपलं घेऊन पुढे गेलीस. तुझ्या नियमाप्रमाणे बरोबरच होतं. तिने तोवर अर्धी भाकरी खाल्ली होती आणि मध्ये चारदा उठून इतरांना वाढलं होतं.

तेव्हा एवढं कर, जमलं तर. मैत्रिणीला एकदाच विचारायचं, हे मला मान्य. काकूकडे निदान दोनदा थांब. तिसऱ्यांदाही ती नकोच म्हणाली तर ठेव टोपलं खाली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला या, खापरावरचे मांडे आणि आमरस करते, असा तिचा निरोप आहे. तेव्हा तुझी शाळा असणार, जमायचं नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. कळण्याचं पीठ मात्र पुढच्या महिन्यात मुंबईहून येणाऱ्या एका मित्राबरोबर येतंय. वांगी इथली जांभळीच घ्यावी लागतील, आणि धूर केला तर अलार्म वाजतो, म्हणून बाल्कनीत कोळशावर भाजू. मैत्रिणीला बोलावायचं असेल तर बोलाव. मिरची मी कमी घालीन. थोडीशीच कमी.

बाबा