माती उचलण्याआधी

पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहेस, तर आयसीपी-एमएसवर (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र) नंबर कधी लागतो याची घाई नको. एमआयडीसीजवळच्या शेतातली माती तपासून ‘तांबं जास्त, म्हणजे प्रदूषण’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. आपली काळी जमीन दख्खनच्या बेसॉल्टमधून, म्हणजे लाव्हाच्या काळ्या खडकातून आलीय. तांबं, निकेल, क्रोमियम तिच्यात मुळातच बरंच असतं. युरोपातल्या मर्यादा जशाच्या तशा लावल्या, तर कोरी करकरीत जमीनही दूषित ठरेल! म्हणून त्याच खडकावरची, पण कारखान्यापासून लांबची, त्याच्याकडून वारा येत नाही अशा बाजूची माती तुलनेसाठी आधी घे. थर वेगळे ठेव. हवेतून पडलेलं शिसं बहुधा वरच्या काही सेंटिमीटरांत अडकून बसतं (नांगरट झाली असेल तर मिसळतं, शेतकऱ्याला विचार), खडकातलं खालपर्यंत सापडतं. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, तरी जुन्या हमरस्त्याकडेला त्याचा अंश असू शकतो.

हवेतली धूळ गोळा करायच्या फिल्टरचं थोडक्यात: वजनाआधी आणि नंतर २४ तास ठरावीक तापमान-आर्द्रतेत ठेव, एक कोरा फिल्टर तुलनेसाठी प्रवासात सोबत ने. भर पावसाळ्यात एसी बंद असलेल्या खोलीत केलेलं वजन मी तरी मानत नाही.