कंपनीच्या ब्लॉगसाठी फ्रीलान्स लेखक नेमताना दराआधी काय ठरवावे?

आपल्या कंपनीत लिहायला कोणालाच सवड नाही, म्हणून ब्लॉगसाठी बाहेरचे लेखक घ्यायचे आहेत; ते कसे निवडावेत आणि शब्दामागे किती दर द्यावा, असे आपण विचारले आहे. कंपन्यांसाठी लिहिण्याचे आणि पुढे इतरांचे लेखन तपासण्याचे काम मी करत आलो आहे. त्या आधारे माझे ठाम मत असे की, लेखकाला माहिती कंपनीतले कोण देणार आणि त्यासाठी वेळ कधी काढणार, हे दराच्याही आधी ठरले पाहिजे.

बहुतेक ठिकाणी लेखकाच्या हाती फक्त शीर्षक आणि कीवर्डची, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांची, यादी दिली जाते. मग तो शोधयंत्रावर वर दिसणारे लेख वाचतो आणि त्यांतलाच मजकूर नव्या शब्दांत मांडतो. भाषा शुद्ध असते, विधानेही चुकीची नसतात, पण तो लेख कोणत्याही कंपनीच्या नावाखाली खपला असता. समजा, आपली कंपनी पंप बनवते. गाळमिश्रित पाण्यात मेकॅनिकल सील (पंपातून पाणी गळू न देणारा भाग) लवकर झिजते किंवा सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढून घेण्याच्या, बाजूने हवा शिरत असूनही ग्राहक मोटारीलाच दोष देत राहतो, हे आपल्या सर्व्हिस इंजिनिअरला रोजच्या कामातून ठाऊक असते. वाचकाला हवे असते ते हेच, आणि बाहेरच्या लेखकाला ते विचारल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

शोधयंत्रांचाही कल याच दिशेने गेला आहे. गुगलने २०११ मध्ये क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत ‘पांडा’ नावाचा बदल आणून उथळ मजकुराच्या संकेतस्थळांना खाली ढकलले, डिसेंबर २०२२ मध्ये शोधनिकालांची गुणवत्ता तपासणाऱ्या मूल्यांकनकर्त्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्यक्ष अनुभवाचा निकष जोडला, आणि मार्च २०२४ मध्ये केवळ क्रमवारी मिळवण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, स्पॅम ठरवला.

म्हणून प्रत्येक लेखाआधी लेखकाची जाणकार सहकाऱ्याशी अर्धा-पाऊण तास बातचीत ठेवावी आणि ती संमतीने ध्वनिमुद्रित करावी. त्यानंतर लेखकाने मुद्द्यांचा आराखडा द्यावा व तो मंजूर झाल्यावरच मसुदा लिहावा, कारण पूर्ण मसुद्यानंतर दिशा बदलणे दोघांनाही महागात पडते. मसुद्यातील तथ्ये त्या जाणकाराने तपासावीत. पण सर्वांच्या सूचना एकत्र करून लेखकाला कळवण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी. विक्री विभाग म्हणतो लेख छोटा करा, तांत्रिक विभाग म्हणतो आणखी तपशील घाला, आणि दोन्ही सूचना तशाच लेखकाकडे जातात. चांगल्या मसुद्यांची हानी मी सर्वाधिक याच कारणाने होताना पाहिली आहे.

लेखक निवडताना प्रसिद्ध लेखांच्या नमुन्यांवर पूर्ण विसंबू नये, कारण त्यांत संपादकाचा हात किती होता हे बाहेरून दिसत नाही. एक खरा विषय देऊन, पूर्ण मोबदल्यासह चाचणी लेख लिहून घ्यावा. तो वापरला नाही तरी पैसे द्यावेत. फुकट चाचणीला कामात गुंतलेले, अनुभवी लेखक सहसा तयार होत नाहीत. चाचणीत भाषेइतकेच त्याने विचारलेल्या प्रश्नांकडे लक्ष द्यावे. वाचक कोण, त्याला आधीच काय माहीत आहे, हे दावे कशावर आधारलेले आहेत, असे विचारणारा लेखक मिळाला तर त्याला सोडू नये. विषयाचे ज्ञान थोडे कमी असले तरी ते मुलाखतींतून भरून निघते.

आता दर. शब्दामागे पैसे दिले की नेमके, आटोपशीर लिहिणाऱ्याचे नुकसान होते आणि मुलाखत, अभ्यास, पुनर्लेखन यांची किंमत हिशेबात येतच नाही. त्यामुळे लेखामागे ठरावीक रक्कम द्यावी, तीत दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धराव्यात आणि पुढच्या फेऱ्यांचा वेगळा दर आधीच ठरवावा.

करार लेखी हवा. अनेक देशांच्या कायद्यात स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा प्रथम हक्क लेखकाकडेच असतो आणि केवळ पैसे दिल्याने तो कंपनीकडे जात नाही, त्यामुळे हक्क हस्तांतराचे कलम स्पष्ट असावे. लेखावर नाव कोणाचे, लेखक तो आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतो का, एआयचा वापर कुठवर चालेल, हेही त्यातच लिहावे. मोबदल्याची मुदत मसुदा स्वीकारल्याच्या तारखेपासून मोजावी, प्रसिद्धीपासून नव्हे. कारण लेख कधी प्रसिद्ध करायचा हे लेखकाच्या हातात नसते.