वाचकांचे प्रश्न : लाकडी दस्ता आणि इपॉक्सी बेडिंग

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची, लाकडी दस्त्याची बोल्ट-ॲक्शन रायफल आहे. कोरड्या हवेत शंभर मीटरवर तिचा गट (लक्ष्यावरील गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) चांगला येतो, पण हवा दमट झाली की गोळ्या नेहमीच्या जागेपासून सरकतात आणि गटही पसरतो. ॲक्शनचे (बोल्ट ज्यात चालतो त्या पोलादी सांगाड्याचे) दस्त्यातले स्क्रू घट्ट केले की काही दिवस बरे जाते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. इपॉक्सीचे बेडिंग, म्हणजे ॲक्शनखाली इपॉक्सीची नेमकी बैठक घडवणे, घरी करता येईल का? करताना कशाची काळजी घ्यावी?

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे बेडिंगच्या दोषाकडे बोट दाखवतात, परंतु लाकडाला पटाशी लावण्यापूर्वी तो दोष तिथेच आहे याची खात्री करून घ्यावी. दुर्बिणीच्या माउंटचे स्क्रू ढिले असले किंवा नळीच्या तोंडाच्या कडेला इजा झाली असली, तरी गट असाच पसरतो, आणि तेव्हा कितीही इपॉक्सी भरले तरी उपयोग होत नाही. बेडिंगची तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढून ठेवावा, दस्त्याच्या पुढच्या टोकाशी डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) अशा रीतीने बसवावे की नळी आणि दस्ता यांच्यातील हालचाल त्यावर दिसेल, आणि मग पुढचा ॲक्शन स्क्रू सावकाश सैल करावा. काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला, तर स्क्रू आवळताना ॲक्शन वाकते आहे असे समजावे. मागच्या स्क्रूची तपासणीही अशीच करावी. त्यानंतर कागदाची पट्टी नळीखालून मागे सरकवून पाहावी. ती मध्येच अडकली, तर त्या जागी लाकूड नळीला टेकलेले असते. बऱ्याच रायफली नळी मोकळी असताना अधिक स्थिर चालतात. मात्र काही दस्त्यांमध्ये पुढच्या टोकाशी मुद्दाम दाब ठेवलेला असतो, तेव्हा तो काढून टाकण्याचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

हवेबरोबर गोळ्यांची जागा का बदलते, ते समजले म्हणजे पुढील प्रत्येक पायरीचे कारणही कळते. लाकूड ओलावा शोषते आणि सोडते, आणि या फुगण्या-आकसण्याचा बहुतेक भाग रेषांना आडवा होतो, लांबीच्या दिशेने फारच थोडा होतो. त्यामुळे ॲक्शन ज्या खाचेत बसते तिचा आकार बदलतो, स्क्रूंचा ताण कमी-जास्त होतो आणि पोलादी ॲक्शन दर वेळी थोड्या वेगळ्या जागी टेकते. गोळी सुटताना होणारा मागचा धक्का रिकॉइल लग, म्हणजे ॲक्शनच्या पुढच्या भागाखालचा पोलादी खुंटा, दस्त्याला देतो. लगाच्या मागच्या बाजूचे लाकूड चेपले गेले असेल, तर ॲक्शन दर फैरीला किंचित सरकते आणि त्याच जागी परत येईलच असे नाही. इपॉक्सीचे काम एवढेच, की ॲक्शनला तिच्याच आकाराची, ओलाव्याने न बदलणारी बैठक मिळावी. पण इपॉक्सी ॲक्शनला ज्या स्थितीत धरून ठेवाल तीच स्थिती कायम करते. ॲक्शन वाकलेल्या अवस्थेत इपॉक्सी वाळले, तर तो वाक प्रत्येक वेळी स्क्रू आवळताना परत येईल. म्हणून या कामातली खरी कसोटी मिश्रण ओतण्यात नसून ॲक्शन ताणाशिवाय बसवण्यात आहे.

आरंभी ॲक्शन दस्त्यातून काढून चाप-यंत्रणा वेगळी करावी. लगाची खाच आणि तिच्याभोवतीचा भाग, तसेच मागच्या टँगखालचा (ॲक्शनच्या शेपटीसारख्या मागच्या टोकाखालचा) भाग, एवढ्याच ठिकाणचे लाकूड दोन ते तीन मिलिमीटर खोल काढावे. कडेचे लाकूड मात्र जसेच्या तसे राहू द्यावे, म्हणजे ॲक्शनची उंची आणि मध्यरेषा हातची जात नाही. इपॉक्सीला पकड मिळावी म्हणून तळाला उथळ छिद्रे पाडावीत, आणि जुने तेल मुरलेले लाकूड असेल तर ॲसिटोनने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्यावे, कारण तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही. टँगच्या मागच्या टोकाशी थोडी मोकळी जागा ठेवणे अत्यावश्यक आहे. ते टोक लाकडाला टेकले, तर धक्का तिथे बसतो आणि दस्ता तिथूनच चिरतो. जुन्या रायफलींच्या मनगटाशी, म्हणजे दस्त्याच्या हाताने धरायच्या बारीक भागाशी, दिसणाऱ्या चिरा पुष्कळदा याच कारणाने पडलेल्या असतात.

आता लगाकडे वळू. लगाची पुढची बाजू, दोन्ही कडा आणि तळ यांवर चिकटपट्टीचे एक-दोन थर लावावेत आणि मागची बाजू मात्र उघडी ठेवावी. काम झाल्यावर पट्टी काढली की तिथे पाव मिलिमीटरच्या आसपास फट उरते. लग फक्त मागे टेकतो, आणि ॲक्शन पुढे कधी काढली-घातली तरी खाच खरवडली जात नाही. नळीवर दस्त्याच्या पुढच्या टोकाशी चिकटपट्टीचे पुरेसे वेढे द्यावेत, म्हणजे नळी मध्यभागी आणि योग्य उंचीवर राहते. चापाची जागा, मॅगझिनची जागा, ॲक्शनमधील छिद्रे आणि बारीक खाचा मॉडेलिंग क्लेने काळजीपूर्वक भराव्यात. मिश्रण एखाद्या उलट्या उताराच्या खाचेत शिरून वाळले, तर ॲक्शन दस्त्यात कायमची अडकते. या कामातला सर्वांत महागात पडणारा प्रसंग तोच. शेवटी इपॉक्सी लागू शकेल अशा प्रत्येक पोलादी भागाला, स्क्रूंच्या आट्यांना आणि चिकटपट्टीलाही, रिलीज एजंटचा (इपॉक्सी चिकटू न देणाऱ्या लेपाचा) किंवा मेणाचा पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा आणि पुन्हा द्यावा. दस्त्याच्या बाहेरच्या पॉलिशवरही चिकटपट्टी लावून ठेवावी.

इपॉक्सी निवडताना पोलादाची पूड मिसळलेले, घट्टसर आणि सावकाश वाळणारे घ्यावे. पाच मिनिटांत घट्ट होणारे इथे कामाचे नाही, कारण ॲक्शन नीट बसवायला तेवढा वेळ पुरत नाही. रेझिन आणि हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने वजनाने सांगितले असेल तर वजनाने, आकारमानाने सांगितले असेल तर आकारमानाने काटेकोर मोजावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवल्यास मिश्रण नीट पक्के होत नाही. ते हळू ढवळावे, म्हणजे हवेचे बुडबुडे कमी राहतात, आणि फार वेळ भांड्यात ठेवू नये, कारण एकत्र साचलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने झपाट्याने घट्ट होते. नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि खोली हवेशीर असावी. न वाळलेल्या इपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते.

मिश्रण प्रथम लगाच्या खाचेच्या कोपऱ्यांत काडीने दाबून भरावे आणि मग बाकीच्या जागी पसरावे. ॲक्शन सरळ खाली उतरवावी. इथे नेहमीचे स्क्रू आवळण्याचा मोह टाळावा. त्यांच्या जागी डोके नसलेल्या मार्गदर्शक सळया वापराव्यात, त्यांना चिकटपट्टीचे वेढे देऊन छिद्रांच्या मध्यभागी ठेवावे, आणि ॲक्शनला दस्त्याशी रबरी नळीने वेढून फक्त जागेवर राहील एवढाच दाब द्यावा. बाहेर आलेले जास्तीचे मिश्रण पुरते वाळण्याआधी प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि सिरक्यात भिजवलेल्या कापसाने काढता येते. नंतर किमान चोवीस तास, थंड हवेत त्याहून अधिक काळ, रायफलला हात लावू नये.

ॲक्शन मोकळी केल्यावर खाचेतील पोकळ्या पाहाव्यात. लहान बुडबुड्यांनी काही बिघडत नाही. मोठी पोकळी विशेषतः लगाच्या मागे असेल, तर तिथे खरवडून पुन्हा भरावे. स्क्रूंची छिद्रे थोडी मोठी करावीत, जेणेकरून स्क्रूचा दांडा कडेला टेकणार नाही. घासताना मास्क लावावा. स्क्रू टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), उत्पादकाने दिलेल्या आकड्याप्रमाणे आवळावेत. तसा आकडा नसल्यास नुसत्या लाकडी दस्त्यासाठी साडेचार ते पाच न्यूटन-मीटर ही समंजस मर्यादा आहे. मग डायल गेजची चाचणी पुन्हा करावी. गोळी भरण्यापूर्वी बोल्ट, चाप आणि सुरक्षा-खटका रिकाम्या रायफलीवर अनेकदा चालवून पाहावेत. आपल्या परवान्याच्या अटींत असे काम स्वतः करण्यावर बंधन असेल, तर ते अधिकृत कारागिराकडूनच करून घ्यावे.

प्रश्न : पिलर बसवणे आवश्यक आहे का? आणि गोल ॲक्शनला वेगळी पद्धत लागते का?

उत्तर : पिलर म्हणजे स्क्रूंभोवती बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादाच्या नळकांड्या. त्यांच्यामुळे स्क्रू आवळताना लाकूड चेपले जात नाही आणि सुमारे सात न्यूटन-मीटरपर्यंत ताण देता येतो. लाकडी दस्त्यासाठी मी ते आग्रहाने सुचवेन, कारण नुसते इपॉक्सी वरची बैठक सुधारते, पण स्क्रूखालचे लाकूड तसेच दबत राहते. पिलरचे वरचे तोंड ॲक्शनला नेमके टेकले पाहिजे. ते उंच राहिले, तर ॲक्शन पिलरवर डोलते.

ॲक्शनच्या आकाराने फरक पडतो. १८९८ च्या माउझरचा तळ सपाट आहे आणि लग ॲक्शनचाच भाग आहे, त्यामुळे ती दस्त्यात फिरत नाही. १९६२ साली आलेल्या रेमिंग्टन ७०० ची ॲक्शन नळीसारखी गोल असून लग ही नळी आणि ॲक्शन यांमध्ये धरलेली वेगळी चकती आहे. अशी ॲक्शन बसवताना बाजूला झुकण्याची भीती असते, म्हणून मिश्रण घट्ट होण्याआधी ती सरळ आहे का, हे माउंटच्या सपाट भागावर लेव्हल ठेवून तपासावे. इपॉक्सी कडेला अर्ध्या उंचीच्या वर चढू देऊ नये, नाहीतर ॲक्शन वर निघत नाही.

प्रश्न : बेडिंगनंतर ॲक्शन निघतच नाही. दस्ता कापावा लागेल का?

उत्तर : घाईने पहार घालू नका. सळया आणि स्क्रू सगळे निघाले आहेत याची खात्री करा, कारण एखादा आट्यांत चिकटलेला स्क्रूच बहुधा अडथळा असतो. मग संपूर्ण रायफल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काही तास फ्रीझरमध्ये ठेवावी. पोलाद आकसते आणि पकड सुटण्यास मदत होते. बाहेर काढल्यावर दस्ता हातात धरून नळीवर खालून वर रबरी हातोड्याने हलके ठोके द्यावेत. तरीही हलले नाही, तर खाचेत शिरलेले इपॉक्सी कुठे अडकले आहे ते पाहून तेवढेच कोरून काढण्यासाठी रायफल कारागिराकडे न्यावी.