व्हॉट्सअ‍ॅपवरची भांडणं नकाशावर आणा

प्रश्न : ताई, आमच्या भागात फुटपाथ, दिवे, बाकडी यावरून ग्रुपवर रोज शंभर मेसेज पडतात पण महापालिकेकडे नीट काहीच जात नाही. मुलगा म्हणतो गुगलवर नकाशा करा. उपयोग होईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : होईल की! पुण्यात २००६-०७ पासून लोकांनी सुचवलेली कामं बजेटमध्ये घ्यायची पद्धत आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरायचा असतो. पण "आमच्या इथे दिवे लावा" असं मोघम लिहिलं की कुठल्या खांबावर, कोणाला कळणार. तिथे नकाशा कामाला येतो.

आपला नकाशा बनवायचं गुगल माय मॅप्स फुकट आहे, किंवा ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा) चालणारं यूमॅप घ्या. सगळ्यांना एडिट करायला देऊ नका हं, एकाची पिन (नकाशावरची खूण) दुसरा सरकवतो आणि मग परत भांडणं. लोकांना सांगायचं त्या जागी उभं राहून ग्रुपवर लोकेशन पाठवा (लाइव्ह नको, करंट) आणि सोबत फोटो, मग एकाने लॅपटॉपवर बसून पिना टाकायच्या, दिव्यांच्या पिवळ्या, फुटपाथच्या लाल. उंच बिल्डिंगांमध्ये लोकेशन थोडं इकडेतिकडे जातं, म्हणून फोटो हवाच.

आता माझी फजिती सांगते. आमच्याकडे पहिल्या नकाशावर निम्म्या पिना पार्किंगच्या! म्हणजे गाडीवाल्यांनीच भरलेला नकाशा. मग मोठा प्रिंट काढून भाजी मंडईच्या भिंतीवर लावला आणि चक्क टिकल्यांची पाकिटं ठेवली, जिथे अडचण तिथे टिकली लावा. एक आजी बराच वेळ नुसत्याच बघत होत्या, घरच सापडेना, मी मारुतीचं देऊळ दाखवलं तशी त्यांनी तिथून बोट फिरवत नेलं आणि गटाराच्या उघड्या झाकणावर टिकली चिकटवली. ते झाकण ग्रुपवर कोणीच लिहिलं नव्हतं. म्हणून प्रिंट काढताना देऊळ, शाळा, पिठाची गिरणी मोठ्या अक्षरात टाकाच.

आणि नुसती लिंक पाठवून थांबू नका, साहेब लोक उघडत नाहीत. नकाशाचा प्रिंट, पिनांच्या नंबरप्रमाणे यादी, वर अर्ज, आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. कोणाच्या घराचं नाव किंवा फोन नंबर तेवढा पिनेवर टाकू नका.