समुद्रकाठच्या निर्जन रानात पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या कुटुंबांना सर्वात जास्त कशाने छळलं? एकटेपणाने, जनावरांनी की उपासमारीने?

मला एकच अशी वस्ती नीट माहीत आहे, तिच्यापुरतं सांगतो: तिन्हींपैकी कशानेच नाही. ती मोडली रस्त्यावाचून.

कॅनडातल्या व्हँकूवर बेटाचं वायव्य टोक म्हणजे केप स्कॉट. (नाव मुंबईतल्या डेव्हिड स्कॉट या व्यापाऱ्याचं. १७८६ साली इकडे आलेल्या जहाजांमागे त्याचा पैसा होता.) रास्मुस हॅन्सनच्या पुढाकाराने १८९७ पासून डॅनिश कुटुंबं इथे राहायला आली. निर्जन हा शब्द त्यांचा हं. मूळचे लोक या किनाऱ्यावर कितीतरी आधीपासून होते.

जंगल तोडून शेत काढणं अशक्यच, एकेक झाड म्हणजे देवळाचा खांब. म्हणून खाडीच्या तोंडाशी बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं आणि आत गुरांसाठी गवत वाढवायचं असं ठरलं. मी रत्नागिरीकडचा, मला हे वाचताक्षणी कळलं: आपली खारबंदिस्तीच! १८९९ मध्ये बांध पुरा झाला आणि थोड्याच दिवसांत वादळाने फोडला. माझ्या आजोबांनी तिथेच हात टेकले असते. या लोकांनी पुन्हा घातला. त्या कुरणात आजही गवत आहे.

खायला कमी नव्हतं. मासे होते, दूधदुभतं होतं. पण लोणी विकायचं कुठे? सुरक्षित बंदर नाही. बोट आली तरी लाटांमुळे माल उतरेलच असं नाही. सरकारकडून रस्त्याची आशा होती, तो झालाच नाही. वर्षाला पावणेचारशे ते पाचशे सेंटिमीटर पाऊस, तोही आपल्यासारखा चार महिन्यांत आटोपणारा नव्हे. चिखलात ओंडके आडवे टाकून त्यांनी वाट केली होती. मी तिथे सतरा किलोमीटर चाललो तेव्हा गुडघ्यापर्यंत रुतलो, आणि माझ्या पाठीवर फक्त तंबू होता, पिठाचं पोतं नव्हे.

दुखलं-खुपलं तर डॉक्टर दूर. वाटेवर एका बारा वर्षांच्या मुलाची कबर आहे. पायाला कापलं, जखम चिघळली, एवढंच कारण.

१९१० च्या आसपास बहुतेक पहिली कुटुंबं निघून गेली. नंतर दुसरी आली, तीही टिकली नाहीत. आता ते प्रांतिक उद्यान आहे, आणि तिथवर मोटारीचा रस्ता अजूनही नाही.