पुन्हा स्टिअरिंग हाती येईल का?

अमेरिकेत ट्रक किंवा बस चालवणाऱ्याची ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आली की माझ्यासारख्या समुपदेशकासमोर बसल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आता कायमचं घरी बसायचं का?" नाही बसायचं. परतीची वाट आहे, पण चिडून ती अर्ध्यात सोडणारे इतके पाहिले की एकदा लिहावंसं वाटलं.

एक गृहस्थ आले होते. लांब पल्ल्याचा ट्रक, एकही अपघात नाही. रात्रपाळीनंतर झोप लागत नाही म्हणून गांजाची गमी, म्हणजे चघळायची मऊ गोळी, खायचे. त्यांच्या राज्यात ती दुकानात उघड मिळते.

"मॅडम, गाडीवर असताना कधी हात लावला नाही. दुकानात बिल करून घेतली, आणि चोर मी?"

नियम त्यांना पाठ होता. राज्यात गांजा वैध असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, केंद्राचं परिवहन खातं, म्हणजे डीओटी, ते मानत नाही. तरी आमच्या भेटीमागून भेटी 'माझ्यावर अन्याय झाला' इथेच अडकल्या. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली. रागाशी भांडत नाही, त्याच्या पोटातला विचार शोधते. तो सापडला भलत्याच गप्पांत.

"गाडी काढण्याआधी काय काय बघता?" मी सहज विचारलं.

माणूस खुलला. पुढच्या टायरच्या खाचा 4/32 इंचापेक्षा कमी नकोत. मग इंजिन बंद, ब्रेक दाबून धरायचा आणि नजर हवेच्या दाबाच्या काट्यावर. ट्रेलर जोडलेल्या गाडीच्या ब्रेकमधली हवा मिनिटाला 4 पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) जास्त उतरली तर गाडी जागची हलवायची नाही. सांगताना त्यांचा उजवा पाय खुर्चीखाली खरंच दाबलेला होता.

"काल ब्रेक नीट लागले होते ना? मग आज कशाला बघायचे?"

"वाटण्यावर गाडी काढतात का मॅडम?"

"आणि चालक ठीक आहे, हे कोण बघतं?"

"मीच." मग बराच वेळ काही नाही. "म्हणजे... मला वाटायचं, ठीक आहे."

मी पुढे एक शब्द बोलले नाही. (समुपदेशकाला हे सगळ्यात जड जातं.) घरच्यांनी त्यांना लाज वाटावी म्हणून कमी प्रयत्न केले नव्हते. माझा अनुभव असा, की लाजलेला माणूस लपवतो. स्वतःच्या कामाचा अभिमान असलेला माणूस मात्र त्याच अभिमानापोटी बदलतो. त्यानंतर अन्यायाचा विषय मागे पडला आणि खरा विषय, झोप, पुढे आला. डॉक्टरकडे गेल्यावर झोपेत श्वास अडकतो हे कळलं. उपचार त्यावर सुरू झाले.

आता वाटेबद्दल. आधी 'सॅप', म्हणजे डीओटीच्या नियमांप्रमाणे मूल्यमापन करणारे तज्ज्ञ. ते तुमचे वकील नाहीत, कंपनीचेही नाहीत. रस्त्यावरच्या लोकांची सुरक्षितता बघणं हे त्यांचं काम. सल्ला आवडला नाही म्हणून दुसऱ्या सॅपकडून नवा घेता येत नाही. ते शिक्षण किंवा उपचार सुचवतात (माझ्यासारखीकडे माणूस येतो तो या टप्प्यावर), पुन्हा भेटून ते पूर्ण झाल्याची खात्री करतात. मग कामावर परतण्याची चाचणी, तीही कुणाच्या तरी नजरेसमोर नमुना देऊन. ती निगेटिव्ह आली की पहिल्या 12 महिन्यांत किमान 6 अचानक चाचण्या. सॅपला वाटलं तर असल्या चाचण्या एकूण पाच वर्षांपर्यंत चालतात.

"आधी तारखा कळतील का?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. कळणार नाहीत. विचारूही नका.

ट्रक-बसवाल्यांची नोंद 2020 पासून केंद्राच्या क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे चालकांच्या अशा चाचण्यांच्या नोंदवहीत, जाते आणि किमान पाच वर्षं राहते. 18 नोव्हेंबर 2024 पासून, परतीची चाचणी होईपर्यंत राज्य तुमचं व्यावसायिक लायसन्सही काढून घेतं. म्हणून 'थोडं थांबू, थंड होईल' हा हिशेब चुकतो. थांबून काही थंड होत नाही.

जुन्या मालकाने परत घ्यायलाच हवं असं नियमात कुठेही नाही. या गृहस्थांनाही घेतलं नाही. फोनवर फोन करत राहिले तेव्हा एका छोट्या कंपनीने होकार दिला. उरलेल्या चाचण्या कंपनी बदलली तरी मागोमाग येतात, त्यामुळे मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांतच सगळं सांगून टाका, असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, "दोन मिनिटांत सांगितलं मॅडम. उरलेला वेळ ब्रेकवर बोललो."